तैवान : समाजाची आणि अर्थव्यवस्थेची तोंडओळख

पोटखराबा (धागाकर्ता)

चिपचा विषय निघाला की हल्ली तैवानचे नाव ओघाने येते आणि चीनचा विषय निघाला की ते काळजीच्या सुरात येते. या दोन प्रसंगांखेरीज त्या बेटाविषयी आपल्यात क्वचितच बोलणे होते, म्हणून हा धागा काढत आहे. माझी उमेदीची वर्षे फेरफार आणि सातबारे पाहण्यात गेली. त्यामुळे कोणत्याही मुलखाची माहिती घेताना तिथली जमीन कोणाच्या नावावर आहे हे मी आधी विचारतो. तैवानच्या बाबतीत ही खोड बरीच उपयोगी पडली.

आधी भूगोल. क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे केरळहून थोडे कमी, आणि लोकसंख्या २ कोटी ३३ लाखांच्या आसपास. बेटाचा मोठा भाग डोंगराळ आहे. युशान हे सर्वोच्च शिखर ३,९५२ मीटरचे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. डोंगर आणि पश्चिमेचा समुद्र यांमधल्या सपाट पट्टीत बहुतेक माणसे, भातखाचरे, कारखाने आणि रेल्वेमार्ग दाटीवाटीने वसले आहेत. कोकणातल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. मात्र तिथे चक्रीवादळे आणि भूकंप हे दोन्ही पाहुणे नेहमीचे आहेत. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात सुमारे २,४०० माणसे दगावली होती.

बेटाचे मूळ रहिवासी ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या भाषा बोलणारे. आज त्यांच्या १६ जमातींना सरकारी मान्यता आहे आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. सतराव्या शतकापासून समोरच्या चिनी किनाऱ्यावरून होक्लो आणि हक्का या चिनी समाजांतले शेतकरी येत गेले; आजचे बहुसंख्य तैवानी त्यांचेच वंशज. दरम्यान १६२४ ते १६६२ डचांनी ताइनानला बस्तान मांडले, १६८३ मध्ये चीनच्या छिंग साम्राज्याने बेट ताब्यात घेतले आणि १८९५ च्या तहात ते जपानला देऊन टाकले. जपानने पन्नास वर्षे राज्य केले, रेल्वे बांधली, कालवे काढले, आणि साखर व तांदूळ आपल्या घरी नेला. १९४५ मध्ये कुओमिन्तांग पक्षाचे चिनी सरकार आले. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी तैपेईत सुरू झालेला उठाव त्याने इतक्या निर्दयपणे चिरडला की बळींची संख्या हजारांत गेली. १९४९ मध्ये मुख्य भूमीवर कम्युनिस्टांकडून हरल्यावर त्या पक्षाचे नेते चँग कै शेक दहा लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिकांसह इथेच येऊन राहिले. त्याच वर्षी लागू झालेला लष्करी कायदा १९८७ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, उठला नाही.

आता जमीन. १९४९ मध्ये कुळाने मालकाला द्यायचा खंड मुख्य पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर बांधून दिला गेला. त्याआधी तो निम्मा किंवा त्याहून जास्त असे. १९५१ मध्ये जपान्यांकडून सरकारच्या हाती आलेली जमीन शेतकऱ्यांना विकली गेली. १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात आले : मध्यम प्रतीच्या भातजमिनीपैकी मालकाने तीन हेक्टरच्या आसपास ठेवायची आणि उरलेली कुळाने वार्षिक पिकाच्या अडीचपट किमतीला, दहा वर्षांच्या हप्त्यांनी घ्यायची. या तीन पायऱ्यांनंतर तैवान हा मुख्यतः लहान मालक-शेतकऱ्यांचा देश झाला. पुढे जे कारखाने उभे राहिले त्यांतले असंख्य या शेतकऱ्यांच्या मुलांनी भातखाचरांच्या कडेलाच उभारले, हे आजही पश्चिम किनाऱ्याच्या रेल्वेतून दिसते. दक्षिण कोरियाने मोजकी औद्योगिक घराणी पोसली. तैवानात नोंदलेल्या उद्योगांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लहान आणि मध्यम आहेत. इचलकरंजीचे यंत्रमाग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीवर बनवून देण्यावर, चालणारी ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. सत्तरच्या दशकात तर घराची बैठकीची खोली हाच कारखाना, अशी सरकारी मोहीमच होती आणि घरोघरी बायकामुले प्लॅस्टिकची फुले, छत्र्या, नाताळचे दिवे जोडत बसत.

चिपचा जन्म यानंतरचा आणि त्याची जागा मला फार आवडते. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी तैपेईतल्या सोयादुधाची न्याहारी देणाऱ्या एका साध्या दुकानात सात माणसे बसली. त्यांत अर्थमंत्री सुन युन-श्वान होते आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे अभियंते पान वेन-युआन होते. घड्याळे जोडून पोट भरेल, परंतु पुढे जायचे तर एकात्मिक परिपथ, म्हणजेच चिप, बनवायला शिकले पाहिजे. त्याला चार वर्षे आणि एक कोटी डॉलर लागतील, असा हिशेब तिथे मांडला गेला. १९७६ मध्ये आरसीएशी करार होऊन तरुण अभियंत्यांची तुकडी शिकायला अमेरिकेत गेली, १९८० मध्ये शिंचूला विज्ञान वसाहत सुरू झाली आणि १९८७ मध्ये मोरिस चांग यांनी टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी स्थापन केली. तोवर चिप कंपन्या आपली रचना आपणच बनवत. स्वतःचा माल न विकता केवळ इतरांच्या रचना बनवून देणारी कंपनी, म्हणजे पुन्हा जॉबवर्कच, ही कल्पना त्या वेळी अनेकांना खुळचट वाटली होती.

---

कातळसडा

धाग्याबद्दल आभार. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात कूळ होते, त्यामुळे जमिनीचा परिच्छेद दोनदा वाचला. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. १९५६ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, ही तारीख आमच्या घरात वाढदिवसासारखी पाठ आहे. म्हणजे दोन्हीकडचे कायदे एकाच दशकातले. आपल्याकडे मात्र कोर्टकज्जे पुढे कित्येक वर्षे चालले, जमिनी भावांच्या आणि पुतण्यांच्या नावे झाल्या, काही कुळांनी भीडेपोटी आपण होऊन राजीनामे लिहून दिले. तैवानच्या मालकांनी हे मुकाट्याने कसे सोसले आणि त्यांना पैसे कुठून मिळाले, हे कृपया विस्ताराने लिहावे.

---

पोटखराबा

कातळसडा यांस, मुकाट्याने सोसण्याचे कारण फार सुखद नाही. नवे राज्यकर्ते समुद्रापलीकडून आलेले होते. बेटावर त्यांची स्वतःची जमीन नव्हती, सोयरीक नव्हती आणि मालकवर्गाच्या मतांची गरजही नव्हती. आपल्याकडे जमीनदार विधिमंडळात बसलेला होता. तिथे दोनच वर्षांपूर्वी, १९४७ मध्ये, स्थानिक प्रतिष्ठितांपैकी अनेकजण मारले गेले होते किंवा गायब झाले होते. उरलेल्यांनी कोर्टाची पायरी चढण्याचे धाडस केले नसते. मुख्य भूमीवर शेतकरी कम्युनिस्टांकडे का गेला याचा धडाही ताजा होता, आणि अमेरिकन सल्लागार व अमेरिकन मदत पाठीशी होती.

मोबदल्याची व्यवस्था मात्र चतुराईची होती. किमतीचा ७० टक्के भाग रोख्यांत दिला आणि ते रोखे पैशांत नव्हे तर तांदूळ आणि रताळ्यांच्या मापात होते, कारण नुकत्याच झालेल्या महागाईत जुने चलन ४०,००० ला एक या दराने बदलावे लागले होते आणि नोटेवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. उरलेले ३० टक्के सिमेंट, कागद, खाणकाम-उद्योग आणि शेती-वनोत्पादन या चार सरकारी कंपन्यांच्या समभागांत दिले. लहान मालकांनी हे कागद कवडीमोलाने विकून टाकले. काही मोठ्या घराण्यांनी ते गोळा केले आणि ती उद्योगपती झाली.

कुळांनाही सगळे फुकट मिळाले नाही. खतावर सरकारची मक्तेदारी होती आणि ते भाताच्या बदल्यातच मिळे, तेही सरकारला सोयीच्या दराने. हा छुपा कर १९७३ पर्यंत चालला. शेतकऱ्याला जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून शहर आणि सैन्य पोसले, असे मी माझ्या जुन्या खात्याच्या भाषेत म्हणेन.

---

वजाबाकी

माहिती उत्तम आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. अशा लेखनातून नकळत असा अर्थ निघतो की हुकूमशाही होती म्हणून प्रगती झाली. लष्करी कायद्याच्या काळात लेखक आणि विद्यार्थी तुरुंगात गेले, शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना दंड होई किंवा त्यांच्या गळ्यात पाटी अडकवली जाई. या किमतीचा उल्लेख ताळेबंदात असायला हवा.

दुसरी नोंद बायकांची. १९६६ मध्ये काओशुंगला निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले आणि तिथल्या कामगारांत बहुसंख्य तरुण, अविवाहित मुली होत्या. ३ सप्टेंबर १९७३ रोजी सकाळी कामावर निघालेल्या अशा मुलींची होडी बंदरात उलटली आणि पंचवीस जणी बुडाल्या. अविवाहित मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या पाटीवर जागा नसते, म्हणून त्या सगळ्यांना एकत्र पुरण्यात आले आणि ती जागा पंचवीस कुमारिकांची समाधी म्हणून ओळखली जाऊ लागली. स्त्रीसंघटनांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर २००८ मध्ये तिचे नाव बदलून श्रमिक स्त्रियांचे स्मारक-उद्यान झाले. कुमारिका हा शब्द जाऊन श्रमिक हा शब्द यायला पस्तीस वर्षे लागली.

एक प्रश्नही आहे. या लहान कारखानदारांना भांडवल कोणी दिले? बँका तर सरकारी होत्या.

---

पोटखराबा

आक्षेप मान्य आहे आणि होडीची हकिगत मूळ लेखात यायला हवी होती. भांडवलाचे उत्तर ऐकून हसाल : बरेचसे भिशीने. बँका मोठ्या आणि सरकारी उद्योगांकडे पाहत. लहान माणूस नातेवाईक, शेजारी आणि भिशी यांवर उभा राहिला. तिथल्या भिशीत चिठ्ठी काढण्याऐवजी बोली लागते, ज्याला निकड जास्त तो जास्त व्याज सोडतो आणि रक्कम उचलतो. भिशी चालवणारी पुष्कळदा गल्लीतली एखादी वजनदार बाई असे आणि ती पैसे घेऊन पळाली म्हणजे गल्लीच बुडे, हेही आपल्यासारखेच.

हुकूमशाहीविषयी इतकेच म्हणतो की तैवानने ती रक्तपाताविना उतरवून ठेवली. १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला, १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक होऊन ली तेंग-हुइ निवडून आले, २००० मध्ये विरोधी पक्षाचे चेन श्वेइ-ब्यान आले. त्यानंतर सत्ता दोन्ही बाजूंना गेली आणि अर्थव्यवस्था कोसळली नाही. २०१९ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देणारा तो आशियातला पहिला देश ठरला. देश हा शब्द मी वापरला खरा, पण १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा गेल्यापासून त्याला राजनैतिक मान्यता देणारी राष्ट्रे घटत घटत आता डझनभर उरली आहेत. आपलाही तिथे दूतावास नाही. १९९५ पासून तैपेईत इंडिया-तैपेई असोसिएशन नावाचे कार्यालय ते काम करते.

---

शिंचू-निवासी

मी आठ वर्षे शिंचूत राहतो आणि एका चिप कारखान्याशी संबंधित काम करतो. आकडे इतरांनी दिलेच आहेत, म्हणून डोळ्यांसमोरचे लिहितो.

इथली घंटागाडी बीथोव्हेन वाजवते. संध्याकाळी ठरावीक वेळी पियानोची ती धून गल्लीच्या टोकाशी ऐकू आली की घराघरांतून माणसे पिशव्या घेऊन धावतात, कारण कचरा जमिनीला लागू द्यायचा नाही असा नियम आहे. गाडी आपल्यासमोर येईपर्यंत पिशवी हातातच धरायची. पुढे सुका आणि फेरवापराचा माल घेणारी दुसरी गाडी असते. तिच्यावर शिजलेले उरलेसुरले आणि कच्च्या साली यांची पिंपे वेगळी. तैपेईत २००० पासून कचऱ्याची ठरावीक पिशवीच विकत घ्यावी लागते, म्हणजे जितका कचरा तितका खर्च. पहिल्या वर्षी माझी गाडी अनेकदा चुकली आणि माशाची डोकी चार दिवस शीतकपाटात ठेवण्याची वेळ आली.

पक्के बिल मागायला इथे कोणाला शिकवावे लागत नाही. प्रत्येक बिलावर आठ आकडी क्रमांक असतो आणि दर दोन महिन्यांनी त्यांची सरकारी सोडत निघते. सर्वांत मोठे बक्षीस एक कोटी तैवानी डॉलरचे. दुकानदाराने विक्री लपवू नये म्हणून १९५१ मध्ये काढलेली ही युक्ती अजून चालू आहे. माझ्या घरमालकीणबाई विषम महिन्याच्या २५ तारखेला चष्मा लावून बिलांचा गठ्ठा घेऊन बसतात. आजवर त्यांना मिळालेली सर्वांत मोठी रक्कम २०० डॉलर, पण उत्साह तोच. या बिलांवर वर्षही वेगळे छापलेले असते. १९१२ हे प्रजासत्ताकाचे पहिले वर्ष, म्हणून २०२४ ला ११३. आपल्याकडे शक संवत पंचांगात राहिले. इथे ते दुधाच्या पुड्यावरही असते आणि नवखा माणूस मुदत संपल्याच्या भीतीने दूध परत ठेवतो.

आरोग्यविम्याचे कौतुक खरे आहे. १९९५ पासून सगळा देश एकाच सरकारी विम्यात आहे, परदेशी नोकरदारसुद्धा. दवाखान्यात कार्ड यंत्रात घातले की नोंद होते आणि साध्या तापासाठी औषधासकट दीड-दोनशे तैवानी डॉलर लागतात. डॉक्टर मात्र रुग्णाला तीन मिनिटांत वाटेला लावतो.

आता दुखरी बाजू. निर्यातीत चिपचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास गेला आहे आणि त्याची ऊब सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. माझ्या सोबतचे अभियंते भरपूर बोनस घेतात. त्याच शहरातली शिक्षिका किंवा स्वयंपाकी यांचे पगार वर्षानुवर्षे जेमतेम हलले. तैपेईत मध्यम घराची किंमत मध्यम कुटुंबाच्या सुमारे पंधरा वर्षांच्या सगळ्या उत्पन्नाएवढी आहे. पाण्याचेही तेच. २०२० मध्ये एकही वादळ बेटावर धडकले नाही, धरणे आटली आणि २०२१ च्या उन्हाळ्यापूर्वी हजारो हेक्टर भातशेतीचे पाटाचे पाणी तोडले. कारखान्यांसाठी टँकर धावले. शेतकऱ्याला नुकसानभरपाई देऊन शेत पडीक ठेवायला सांगितले. मी रोज त्या टँकरांच्या मागून कामावर जात होतो आणि दोन्ही बाजूंना भेगाळलेली खाचरे होती. धागाकर्त्यांनी ज्या खाचरांपासून गोष्ट सुरू केली, तीच ही.

विजेबाबत तर बेट जवळजवळ पूर्णपणे परावलंबी आहे. ऊर्जेपैकी ९५ टक्क्यांहून अधिक आयात होते आणि शेवटची अणुभट्टी १७ मे २०२५ रोजी बंद झाली. चीन आणि तैवान यांमधली सामुद्रधुनी काही आठवडे अडली तर काय, हा प्रश्न इथे लोक फारसा मोठ्याने बोलत नाहीत. २०२४ पासून सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून पुन्हा एक वर्षाची झाली, एवढ्यावरून समजून घ्यावे.

---

कातळसडा

तिथे सुपारी होते असे ऐकले आहे. आमच्या बागेशी तिचे काही नाते आहे का? आणि देवधर्माचे काय?

---

शिंचू-निवासी

नाते जवळचे आहे. दक्षिणेकडच्या डोंगरउतारांवर पोफळीच्या बागाच बागा आहेत आणि एके काळी या पिकाला हिरवे सोने म्हणत. फरक असा की इथे वाळवलेली सुपारी कातरत नाहीत. कोवळे हिरवे फळ सालीसकट, चुना लावून, विड्याच्या पानात गुंडाळून चघळतात. तंबाखू नसते. ट्रकचालक आणि बांधकाम मजूर यांचे हे जागे राहण्याचे साधन आहे. तंबाखू नसूनही तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो, त्यामुळे सरकार आता बागा काढून दुसरी पिके घ्यायला अनुदान देते. पोफळीची मुळे वरवरची असल्याने उतारावरची माती धुपते, ही तक्रार आहेच.

देवधर्म म्हणाल तर माझू ही समुद्रातून तारणारी देवी घरोघरी आहे. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यात ताइचुंगजवळच्या दाजिया गावातून तिची पालखी निघते आणि नऊ दिवसांत तीनशेहून अधिक किलोमीटर चालून परत येते. वाटेत गावकरी फुकट जेवण, पाणी, पायांना मालीश देतात आणि भाविक रस्त्यावर ओळीने पालथे झोपून पालखी अंगावरून जाऊ देतात. मी दोन दिवस चाललो. आळंदी ते पुणे चाललेल्या माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नाही. फटाके मात्र कान किटवणारे असतात. बायशातुन गावच्या माझूची पालखी तर ठरलेल्या वाटेनेही जात नाही. चौकात थबकते, मागेपुढे झुलते आणि देवी वळेल तिकडे सगळा लोंढा वळतो.

---

वजाबाकी

लोकसंख्येविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो. चिनी पंचांगातल्या ड्रॅगनच्या शुभवर्षी, १९७६ मध्ये, तैवानात चार लाखांहून अधिक मुले जन्मली. २०२४ हेही ड्रॅगनचेच वर्ष होते. जन्म सुमारे १ लाख ३५ हजार, मृत्यू दोन लाखांहून अधिक. एका स्त्रीमागे सरासरी एकही मूल नाही. म्हाताऱ्यांची काळजी आणि कारखान्यांतले कष्टाचे काम इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि थायलंडमधून आलेले आठ लाख कामगार करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय कामगारांसाठीही सामंजस्य करार झाला. तेव्हा तिथल्या समाजमाध्यमांवर भारतीयांविषयी वाईट भाषा झाली आणि ईशान्य भारतीयांचा वर्ण व आहार आपल्याशी जुळतो अशा अर्थाचे विधान केल्याबद्दल तत्कालीन श्रममंत्र्यांना माफी मागावी लागली. तिथे नोकरीचा विचार करणाऱ्यांनी अभियंत्याचा अनुभव आणि कामगाराचा अनुभव यांत गल्लत करू नये. घरात राहून शुश्रूषा करणाऱ्या परदेशी बायकांना तर मूळ कामगार कायद्याचे संरक्षणच लागू नाही. कामाचे तास आणि सुट्टी मालकाच्या मर्जीवर.

---

शिंचू-निवासी

हे खरे आहे आणि मी ते रोज पाहतो. माझ्या इमारतीत अशा तीन इंडोनेशियन बायका आहेत. त्यांतली एक चौथ्या मजल्यावरच्या नव्वदीच्या आजोबांना सांभाळते. ते १९४९ मध्ये शिपाई म्हणून चीनच्या शानतुंग प्रांतातून आलेले. आजोबांची चिनी इतकी जुन्या वळणाची आहे की त्यांच्या नातवंडांनाही नीट कळत नाही. तिला कळते, कारण ती दुसरी चिनी शिकलीच नाही. गल्लीत कधी तिच्याशी बोललो की माझ्या कानाला तिचे उच्चार शानतुंगचे वाटतात.

संध्याकाळी बीथोव्हेन वाजायच्या वीस मिनिटे आधीच या तिघी खाली येतात. चाकाच्या खुर्च्या एका ओळीत लावतात, कचऱ्याच्या पिशव्या खुर्च्यांच्या हँडलला अडकवतात आणि आपल्या भाषेत मनसोक्त बोलतात. गाडी गेल्यावरही थोडा वेळ रेंगाळतात. वरच्या खिडकीतून हाक आली की एकेक खुर्ची उद्वाहनाकडे वळते.